‘वय झालंय’ हे निदान नव्हे

ताई,
मी इंदिरानगरला राहते. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आमचा बंड्या १२ वर्षांचा आहे, निम्मा लॅब्रॅडॉर, निम्मा गावठी. गणपतीपासून त्याचं काहीतरी बिनसलंय. दहा-बारा दिवस बरा असतो, मग अचानक खाणं सोडतो, अंग गरम लागतं, मागचे पाय लटपटतात, कोपऱ्यात जाऊन पडतो. दोन-तीन दिवसांत आपला आपण उठतो आणि शेपूट हलवत पोळी मागतो. तीन डॉक्टर झाले. चार वेळा रक्त तपासलं, एकदा सोनोग्राफी केली. एकदा प्लेटलेट कमी आल्या, पुढच्या वेळी बरोबर. एकांनी गोचिडांचा ताप म्हणून दहा दिवस गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी लिव्हरचं टॉनिक दिलं, तिसरे म्हणाले, ‘मॅडम, वय झालंय त्याचं.’ मुलगी पुण्याहून रोज फोन करते की मुंबईला न्या. आमचे हे म्हणतात, माणसांचं कुणी एवढं करत नाही. ह्यांनी तर सकाळचं फिरायला जाणंही सोडलंय, नुसते पेपर तोंडापुढे धरून बसतात. बंड्या आमच्यातलंच खातो, पोळी-भाजी, दूध, रविवारी रश्श्यातले तुकडे. पूर्वी कधी बाधलं नाही. रात्री मी तीन-तीनदा उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते बघते. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, कुत्र्यासाठी कसली रडतेस. माझं काही चुकतंय का? कुठवर करायचं? पुढचा प्रश्न लिहायला हात धजत नाही.
बंड्याची आई, नाशिक

बंड्याच्या आई,

तुम्ही न लिहिलेला प्रश्न मला वाचता आला. त्यावरही लिहीन, पण शेवटी. सध्या बंड्या तीन दिवस आजारी आणि दहा-बारा दिवस धडधाकट असतो. हिशेब अजून त्याच्याच बाजूने आहे.

आधी एक कबुली. मी जनावरांची डॉक्टर नाही. तीस वर्षं कुत्र्यांच्या सहवासात काढली, दोन म्हाताऱ्या कुत्र्यांची शेवटची वर्षं निस्तरली आणि त्या काळात डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की एकाने शेवटी मला ‘बसा’ म्हणणंच सोडलं. त्यामुळे खाली लिहिते ते निदान नाही. निदानाकडे कसं जायचं आणि ते हाती लागेपर्यंत, किंवा लागलंच नाही तर, दिवस कसे काढायचे एवढंच मला सांगता येईल.

‘वय झालंय’ या वाक्यावर माझा जुना राग आहे. बंड्याच्या अंगाचा कुत्रा १२ वर्षांचा झाला म्हणजे पंचाहत्तरीचे आजोबा, हे कबूल. पण आजोबांना दर पंधरवड्याला ताप भरून त्यांचे पाय लटपटले तर ‘वय झालं’ म्हणून आपण चादर पांघरून ठेवतो का? म्हातारपण हळूहळू उतरतं. गुडघे कुरकुरतात, कान जातात, डोळ्यांत निळसर झाक येते. ते पंधरा दिवसांनी येऊन तीन दिवसांनी परत जात नाही. असं येऊन-जाऊन असणारं दुखणं म्हणजे आत काहीतरी चालू आहे, आणि ते सापडण्याची शक्यताही अजून आहे.

लपाछपी खेळणारी दुखणी बरीच आहेत. आपल्याकडे पहिला संशय गोचिडांवर जातो आणि तो बहुतेक वेळा रास्तही असतो. कुत्र्यांवरची ती तपकिरी गोचीड एहर्लिकिया नावाचा जंतू रक्तात सोडते. तो महिनोन्‌महिने शरीरात दडून बसतो, मधूनच ताप आणतो, प्लेटलेट खाली ओढतो आणि पुन्हा गप्प होतो. काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. अँटिबॉडीची किंवा पीसीआरची तपासणी करावी लागते. त्यावरच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या साधारणपणे चार आठवडे देतात. तुम्ही दहा दिवस लिहिलंय. आणखी एक, गोचिडीतूनच येणारा बबेसिया हा दुसरा जंतू या गोळ्यांना दाद देत नाही, त्याचं औषध वेगळं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: दहाच दिवस का दिल्या, आणि बबेसिया बघितला का? गोळ्या मात्र आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका.

दुसरा आजार आहे अ‍ॅडिसन. मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या काम सोडतात. कुत्रा मधूनच गळून जातो, खात नाही, उलट्या करतो, सलाईन लावलं की जादू झाल्यासारखा उठतो. डॉक्टर मंडळी याला बहुरूपी म्हणतात आणि ते नाव शोभतं. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम आणि कॉर्टिसोल, म्हणजे याच ग्रंथींचं संप्रेरक, बघितल्याशिवाय तो पकडता येत नाही, आणि नेहमीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये कॉर्टिसोल सहसा नसतं. तिसरं, प्लीहेवरची गाठ. तिच्यातून पोटात थोडं रक्त झिरपतं, कुत्रा एकदम बसतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. रक्त पोटातच जिरलं की दोन दिवसांत परत उभा. तुमची सोनोग्राफी कधीची? दसऱ्याच्या आसपासची असेल तर ती जुनी झाली.

यातलं बंड्याला काय लागू पडतं ते डॉक्टर ठरवतील. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. रक्त चार वेळा तपासलं, कोणत्या दिवशी? माझा अंदाज सांगते. बंड्या शुक्रवारी पडला, शनिवारी वाट बघितली, रविवारी दवाखाना बंद, सोमवारी नेलं. सोमवारी गाडीतून उडी मारून उतरणारा आणि डॉक्टरांच्या टेबलाला शेपटीचे फटके मारणारा कुत्रा बघून कुणाला काय सापडणार? आजारी दिवसाचा बंड्या एकाही डॉक्टरने पाहिलेला नाही, असं मला वाटतं. तेव्हा पुढच्या खेपेला तो कोपऱ्यात गेल्या गेल्या फोन करा, त्याच दिवशी रक्त द्या, औषध किंवा सलाईन सुरू व्हायच्या आधी. आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या: तो उठताना, चालताना, पडून श्वास घेताना. हजार शब्दांच्या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचे लटपटणारे पाय डॉक्टरांना जास्त सांगतात.

आता तुमच्या कामाची गोष्ट. शाळेत इतकी वर्षं हजेरीपट भरलात, आता बंड्याचा भरा. शंभर पानी साधी वही आणा. रोज चार ओळी.

त्यात पहिलं, ताप. ‘अंग गरम लागतं’ हे खरं धरू नका, कारण कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा नेहमीच गरम असतं. त्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. नाक ओलं की कोरडं यावरूनही काही कळत नाही, ही आपल्या आज्यांची समजूत. वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलिन लावा आणि शेपटीखालून मोजा. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या म्हणजे दोघांची अब्रू राहील. १०३च्या वर गेलं तर लाल पेनाने लिहा. १०४ला थेट फोन.

मग हिरड्या. वरचा ओठ उचलून बोटाने दाबा, पांढरं पडेल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी परतलं पाहिजे. बरा असतानाचा रंग आधी नीट बघून ठेवा, नाहीतर आजारी दिवशी तुलना कशाशी करणार? पाण्याचं भांडं सकाळी मापून भरा. पाणी पिणं वाढलं तर मूत्रपिंड आणि साखर, दोन्हीकडे बघावं लागतं. आठवड्यातून एकदा वजन. तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभ्या राहू नका, दवाखान्यात काटा असतो आणि नुसतं वजन करायला कुणी पैसे मागत नाही. आमच्या राणीचं मी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे करत असे. तो दर वेळी विचारायचा, ‘द्यायचीय का?’

रात्री तीनदा उठताच आहात, तर त्या उठण्याचं काहीतरी सार्थक करा. तो गाढ झोपलेला असताना अर्धा मिनिट छाती वर किती वेळा येते ते मोजा आणि दुप्पट करा. ३०च्या आत असेल तर लिहा आणि झोपा. रोज ३०च्या वर जायला लागलं तर हृदय किंवा फुप्फुसांकडे लक्ष द्यावं लागेल, डॉक्टरांना सांगा. पण मोजायचं एकदाच, अकराच्या सुमारास. बाकीच्या दोन फेऱ्यांनी बंड्याला काही मिळत नाही, तुमची मात्र झोप जाते.

वहीत सगळ्यात महत्त्वाचा रकाना खाण्याचा. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण तुम्ही एका ओळीत जे उरकलंय त्यात मला बरंच दिसतंय.

नाशिककराला हे सांगताना जीभ अडखळते, पण आपल्या जिल्ह्याची दोन लाडकी पिकं कुत्र्याला विष आहेत. कांदा आणि द्राक्षं. कांदा कच्चा, तळलेला, वाटणातला, कसाही. शिजवल्याने त्याचा दोष जात नाही, आणि लसूण त्याचाच भाऊबंद. कांद्यातल्या द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो: गळून जाणं, फिक्या हिरड्या, कधी गडद रंगाची लघवी. रविवारी खाल्लेलं बुधवारी अंगावर येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रश्श्याच्या वाटणाला किती कांदे भाजता ते तुम्हालाच ठाऊक. शिवाय मटणाची चरबी. तिने स्वादुपिंडाला सूज येते, पोट दुखतं, कुत्रा दोन दिवस तोंड फिरवतो आणि मग सावरतो. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या होतात, ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, बारा वर्षं खातोय, आत्ताच काय झालं? झालं असं की बारा वर्षांपूर्वीचं शरीर राहिलं नाही. तरी सगळं खापर रश्श्यावर फोडू नका, कांद्याने ताप चढत नाही. पण वही सुरू करताना रविवारचा तुकडा बंद करा, पोळीवर भाजीचा रस्सा ओतणं बंद करा, आणि दोन महिने बघा. वाईट दिवस तसेच आले तर निदान एक संशय तरी निकालात निघेल. त्याला वेगळं, बिनफोडणीचं मऊ खायला करून घाला: भात, साधं उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले असतील तर हे प्रमाण डॉक्टर बदलून देतील.

द्राक्षांची गोष्ट माझ्या घरातलीच आहे. आमची राणी तेव्हा आठ वर्षांची, छोटी स्पिट्झ. एका जानेवारीत तिला उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची खूण, चढत चाललं. डॉक्टर विचारून थकले, घरात कुणी औषध सांडलं का, उंदराचं विष ठेवलं का. नाही, नाही, नाही. मी वही काढली आणि घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, राणीच्या तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू लिहायची. संध्याकाळी मामंजी चष्मा पुसत आले आणि म्हणाले, ‘अगं, ते मनुकेपण लिहायचे का?’ पोट साफ राहावं म्हणून ते रोज सकाळी भिजवलेले मनुके खायचे, आणि स्वतःच्या वाटणीचे पाच-सहा तिला द्यायचे. प्रेमाने. नऊ दिवस.

मी ‘हो, लिहा’ म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डॉक्टरांना फोन केला. राणी आठवडाभर सलाईनवर राहून वाचली. मामंजींना कारण शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या हाती मनुक्यांऐवजी गाजराच्या चकत्या ठेवायला लागले, राणीसाठी. द्राक्षं काही कुत्र्यांना मूठभर पचतात, काहींची मूत्रपिंडं थोडक्यात बसतात, आणि कोणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. अलीकडे त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि ते चिंचेतही असतं. आता हंगाम सुरू होतोय, पिंपळगावहून कुणीतरी पेटी आणेलच. ती उंचावर ठेवा.

सांगायचं हे की ‘कारण कळत नाही’ यातलं निम्मं कारण कधीकधी घरातच चार जणांकडे वाटलेलं असतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशी, वॉचमन, खालच्या मजल्यावरची पोरं, सगळ्यांना विचारा. मात्र पोलिसी आवाजात नको. ज्याला ओरडा बसेल असं वाटतं तो मनुके लिहून देत नाही.

आणि एक कडक शब्द. अंग गरम लागलं म्हणून घरच्या डब्यातली गोळी दिली असेल तर यापुढे नाही. पॅरासिटामॉल, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, एकही नाही. पोटात अल्सर, लिव्हर, मूत्रपिंड, सगळं बिघडवू शकतात. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, ती मागा.

तीन डॉक्टरांबद्दल. त्यांच्यात कुणी वाईट आहे असं मला वाटत नाही. प्रत्येकाने पहिल्या पानापासून सुरुवात केली, एवढंच. त्यांतला जो फोन उचलतो आणि प्रश्न विचारल्यावर चिडत नाही तो निवडा. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा, वर वही ठेवा, आणि सांगा की आता तुम्हीच मुख्य. कुणा दुसऱ्याचं मत घ्यायचं असेल तर त्यांना सांगूनच. आणखी एक विचारून ठेवा: रात्री दोन वाजता काही झालं तर नाशिकमध्ये कोण दार उघडतं? हा नंबर आजच फ्रिजवर लावा. पांढऱ्या फटक हिरड्या, ढोलासारखं फुगलेलं पोट आणि नुसते कोरडे उमासे, दिवसभर लघवी नाही, पाच मिनिटांहून लांबलेली फिट. यात सकाळची वाट बघायची नसते.

आता ‘कुठवर करायचं’. प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना एकच विचारा: याचं उत्तर हो आलं किंवा नाही आलं, तर तुम्ही औषधात काय बदलणार? ‘अ‍ॅडिसन निघाला तर गोळ्या सुरू करू, तो नीट जगेल’ असं उत्तर आलं तर कर्ज न काढता जेवढं जमेल तेवढं करा. ‘निदान कळेल तरी’ असं आलं, तर घरी येऊन चहा करा आणि विचार करा.

हे मला फुकट कळलेलं नाही. मनुक्यांतून वाचलेली राणी पुढे सहा वर्षं जगली आणि शेवटी वेगळ्याच दुखण्याने खालावली. त्याचं नाव कधीच कळलं नाही. मी हट्टाला पेटले होते. तीन आठवडे रोज गाडीत घालून नेत होते, आज एक्स-रे, उद्या रक्त, परवा पुन्हा रक्त. तिला गाडी आवडायची नाही. राणी गेली ती त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला, मागच्या सीटवर. शेवटचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. सगळं नॉर्मल.

म्हणून तुमच्या मुलीला माझ्यातर्फे सांगा की मुंबई बंद नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून आहे, तिथल्या दवाखान्यात अवघड केसेस येतात. पण आधी रक्त प्रवास करू शकतं, व्हिडिओ आणि फाइल प्रवास करू शकते. समृद्धीने रस्ता सोपा केला असला तरी १२ वर्षांच्या आजारी कुत्र्याला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर नेणं हीदेखील एक तपासणीच आहे, आणि तिचाही तोच नियम. इथे न होणारं काही करायचं असेल, सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपी, आणि त्याने उपचार बदलणार असतील, तर बरा असलेल्या आठवड्यात न्या. मुलीलाही बोलवा. लांब असलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं, म्हणून ते रोज फोन करतं.

नाव सापडलं नाही म्हणून उपचार थांबत नाहीत, हे बऱ्याच घरांत कुणी सांगत नाही. मळमळीवर औषध आहे, दुखण्यावर आहे, भूक वाढवायला आहे. मागच्या पायांत संधिवात असेलच थोडाफार, त्यात हे थंडीचे दिवस. निफाडचा पारा उतरला की माझेही गुडघे बोलतात. गुळगुळीत फरशीवर त्याच्या नेहमीच्या वाटेने जुन्या सतरंज्या घाला, पलंगापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, मान खाली घालावी लागणार नाही. जेवण कोमट द्या, वास येतो आणि खाल्लं जातं. दर आठवड्याला अंगावरून हात फिरवून गोचिडी बघा, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत, आणि गोचिडांवरचं महिन्याचं औषध चुकवू नका.

तुमच्या बहिणीबद्दल काही लिहीत नाही. तिला बंड्या ठाऊक नाही. रडायचं असेल तर ज्याच्या दारात कधीकाळी म्हातारं कुत्रं होतं अशा माणसापाशी रडा. इंदिरानगरच्या कुठल्याही बागेत सकाळी साडेसहाला अशी चार माणसं भेटतात.

पण ह्यांच्याबद्दल लिहायचंय. तुमची तक्रार मी दोनदा वाचली. ‘सकाळचं फिरायला जाणंही सोडलंय.’ कुणाबरोबर जायचे ते फिरायला, बारा वर्षं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण साखळी त्यांच्याच हातात असणार. बंड्याला पाय ओढत चालताना बघवत नाही म्हणून ते बसलेत. ‘माणसांचं कुणी एवढं करत नाही’ असं म्हणणारा माणूस पेपर उलटा धरून बसलाय का, ते एकदा बघा. पैशांची गोष्ट त्यांच्याशी जरूर करा, आकडा ठरवा, महिन्याला इतकं, यापुढे नाही; ठरलेला आकडा असला की दर बिलाला भांडण होत नाही. पण त्याआधी त्यांना वहीतला एक रकाना द्या. चालण्याचा. तो त्यांनीच भरायचा.

राहिला तुमचा न लिहिलेला प्रश्न. एके दिवशी इंजेक्शन देऊन झोपवायची वेळ आली तर?

कदाचित येणारही नाही. आली तर कळेल कसं, म्हणून आजच, तो बरा असताना, एक काम करा. तुम्ही आणि तुमचे हे, वेगवेगळ्या कागदांवर, बंड्याला जगात सगळ्यात आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहा. एकमेकांचा कागद बघू नका. दूधवाल्याच्या गाडीवर भुंकणं असेल, उन्हाच्या कवडशात पडणं असेल, तुमच्या पायावर हनुवटी ठेवणं असेल. यातल्या दोन कायमच्या गेल्या, आणि वहीत वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त व्हायला लागले, की डॉक्टरांशी मोकळं बोला. अ‍ॅलिस व्हिलालोबॉस या अमेरिकी पशुवैद्यकांनी सात गोष्टींची एक मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांची संख्या. प्रत्येकाला दहापैकी गुण, सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर जगणं सुसह्य आहे असं धरतात. तुमच्यासारख्या बाईंना गुण देण्याची सवय आहे. फक्त पेपर तपासताना हात सैल सोडू नका.

असाध्य वेदनेतल्या प्राण्याला डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं आपल्या कायद्यात बसतं. आधी गुंगीचं देतात, मग भुलीचं औषध मोठ्या प्रमाणात. तो झोपतो, मग श्वास थांबतो. काही डॉक्टर त्यासाठी घरी येतात, विचारून ठेवा. तेव्हा दोघांनी जवळ असावं. आणि नंतर त्याला कुठे ठेवायचं हेही आधी ठरवा. शेतात जागा देणारं कुणी आहे का, महापालिकेची काय सोय आहे. त्या दिवशी ही चौकशी करायचं बळ नसतं.

हा कागद लिहून झाला की घडी घालून वहीच्या मागच्या पानात ठेवा आणि पुढचं पान उघडा.

माझं काही चुकतंय का, असं विचारलंत. रश्श्याचं चुकलं, ते मी सांगितलं. रात्रीच्या फेऱ्या जास्त होतायत. बाकी मला काही दिसलं नाही.

उद्या सकाळी साखळी खुंटीवरून काढा आणि काही न बोलता ह्यांच्या हातात द्या. बागेपर्यंत नको, फक्त गेटपर्यंत आणि परत. मग पहिल्या पानावर तारीख घाला. ताप, हिरड्या, पाणी. आणि चालण्याच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात: गेटपर्यंत, दोघं.